सुगंधाला विचारायचं राहिलं

सुगंधा पहिल्यांदा माझ्याकडे आली तेव्हा तिची साडी कमरेपर्यंत ओली होती आणि काठांवर खाडीचा चिखल वाळत चालला होता. तिचा भाऊ गुरुदास तिला दंडाला धरून जिन्याने वर घेऊन आला. कट्टा गावच्या बाजारात एका औषधाच्या दुकानावर माझी खोली आहे. गोव्यात मानसशास्त्र शिकून आले आणि गेली नऊ वर्षं इथे समुपदेशन करते. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात, म्हणून खोलीची वाट मागच्या गल्लीतून ठेवलीय.

"मॅडम, ही आज परत खाडयेत उतारली," गुरुदास म्हणाला. "शेजाऱ्यांनी वडून काढली."

सुगंधा खुर्चीत बसली. मांडीवर हात, नजर खिडकीबाहेर. वय बावन्न. लग्न झालं नव्हतं. मसुऱ्याच्या पलीकडे खाडीकाठच्या वाडीत ती भावाच्या घरी राहायची, काजूच्या बिया वेचायची, वाळवायची, भाताच्या लावणीला सगळ्यांच्या पुढे असायची. बावीस वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण सुभद्रा ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला खाडीत गेली आणि भरतीत सापडली. तिसऱ्या दिवशी प्रेत मिळालं. त्या वेळी सुगंधा काठावर होती.

तेव्हापासून रोज दुपारी, घर जेवून आडवं झालं की, सुगंधाला सुभद्राची हाक यायची. "गो सुगंधा, ये गो." ती मागच्या दारात उभी राहून सांगायची, "थांब गो, येतंय." घरच्यांना त्याची सवय झाली होती. माझ्याकडे आली त्या वर्षी मात्र ती खरंच पाण्यात जायला लागली.

मी संमतीचा फॉर्म काढला. दोन पानं, सरकारी मराठी. गुरुदासने तो माझ्या हातातून घेतला. "ती काय वाचतली? माका सांगा सही खंय करूची ती." मी बोट ठेवलं, त्याने सही केली. दुसऱ्या पानावर एक ओळ होती : नाव गुप्त ठेवून ध्वनिमुद्रण प्रशिक्षणासाठी वापरता येईल. मी फोन टेबलावर ठेवला आणि विचारलं, "रेकॉर्ड केलं तर चालेल ना?" विचारलं ते गुरुदासला. त्याने मान हलवली आणि तो बाहेर जाऊन बसला.

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाची संमती दुसरं कोणी देऊ शकत नाही, हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहून आले होते. त्या दिवशी मला घाई होती. बाई पाण्यातून आली होती, तिने बोलावं एवढंच डोक्यात होतं.

आणि ती बोलली. सुभद्रा गेली त्या दुपारी दोघींमध्ये काय झालं होतं, ते तिने बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं. मध्येच ती बहिणीच्या आवाजात हाक मारून दाखवायची. त्या दुपारचं काय ते मी इथे लिहिणार नाही. हे सगळं लिहू का असं अलीकडे मी तिला विचारलं तेव्हा तिने बाकीच्याला हो म्हटलं आणि तेवढ्याला नको म्हटलं. नावंही बदलायला लावली.

पाच वेळा ती आली. खाडीत जाणं थांबलं. हाक येत होती, पण ती मागच्या दारातूनच उत्तर द्यायची. घरच्यांना बरं वाटलं, मलाही.

आठ महिन्यांनी तालुक्यात आशा आणि अंगणवाडी सेविकांचं एक प्रशिक्षण होतं. दुःखात बुडालेल्या माणसाचं कसं ऐकावं, हे मी शिकवणार होते. मी सुगंधाच्या आवाजातली तीन मिनिटं लावली. नाव नव्हतं, गाव नव्हतं. पण आवाज होता, आणि ती हाक होती. मागच्या रांगेतली एक आशाताई, संचिता, उठून बाहेर गेली. मला वाटलं, तिला रडू आलं असेल. ती सुगंधाच्या वाडीतली होती.

दोन आठवड्यांनी सुगंधा एकटीच एसटीने आली. या वेळी तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. ती बसली नाही.

"माझो आवाज तू चाळीस बायकांका आयकवलंस?"

मी हो म्हटलं. सुचलं तेवढं बोलले : नाव सांगितलं नव्हतं, कागदावर तसं लिहिलेलं होतं.

"खंयचो कागद? दाखव."

मी काढून दिला. तिने उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली. गुरुदासच्या सहीवर बोट ठेवलं. "माका वाचूक येता गो बाय. सातवी शिकलंय मी. रोज दुकानात जाऊन पेपर वाचतंय. तू माका कित्याक इचारलंस नाय?"

"माझी चूक झाली. विचारायला हवं होतं," मी म्हणाले.

मग ती खुर्चीच्या कडेला टेकली. वाडीत कोणी वाईट बोललं नव्हतं, ती म्हणाली. फक्त बायका तिला बघून गप्प व्हायच्या, आणि कोणीतरी खाडीच्या काठावर सुभद्राच्या नावाने नारळ ठेवून गेलं होतं. पण ती त्यासाठी आली नव्हती.

"ती आता हाक मारणा नाय," सुगंधा म्हणाली. "आठ दिवस झाले. दुपारची मी दारात बसतंय. नुसता गप. तिचा माझा होता ता तू सगळ्यांका वाटलंस, म्हणान ती गेली."

माझ्या शिक्षणात याला एक नाव आहे आणि आवाज थांबणं ही सुधारणा मानतात. मी ते तिला सांगितलं नाही. बावीस वर्षं रोज भेटणारी बहीण तिच्या दारातून उठून गेली होती आणि तिला घालवणारी मी होते.

मी तिच्यासमोर माझ्या फोनमधून ते रेकॉर्डिंग पुसलं. आयोजकांकडे गेले, त्यांच्याकडचं पुसून घेतलं. तेव्हा कळलं की त्या दिवशी तिघींनी आपापल्या फोनवर ते उतरवून घेतलं होतं. दोघींनी माझ्यासमोर काढून टाकलं. तिसरीने कुणाला तरी पुढे पाठवलं होतं, त्यांनी आणखी कुणाला. तिथे माझा माग संपला. सुगंधाचा आवाज कुठल्या तरी फोनमध्ये अजून असेल. मी हेही तिला जाऊन सांगितलं, कारण लपवण्याचा हक्क मला उरला नव्हता. ती अंगणात बिया पसरत होती. ऐकून घेतलं आणि पसरत राहिली.

त्या उन्हाळ्यात मला ती हाक ऐकू येऊ लागली. दुपारी बाजार थंडावला की जिन्याच्या तळाशी, सुगंधाने करून दाखवलेल्या आवाजात, "ये गो." पहिल्या वेळी मी दार उघडून बघितलं. जिना रिकामा, खाली कुत्रं झोपलेलं. मी पणजीला माझ्या जुन्या बाईंकडे गेले. तरुण मानसशास्त्रज्ञांच्या कामावर त्या देखरेख ठेवतात. त्यांना फॉर्मपासून सगळं सांगितलं. त्यांनी मला धीर वगैरे दिला नाही. "पुढचा फॉर्म कोण वाचून दाखवणार?" एवढंच विचारलं.

तो फॉर्म मी नव्याने लिहिला, बाजारात बोलतो तशा भाषेत. रेकॉर्डिंगची ओळ वेगळ्या कागदावर काढली.

पावसाळा सरल्यावर सुगंधा पुन्हा आली, कुणालाही न सांगता. मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावला आणि अर्धा तास वाचत बसली. "धोका वाटला तर घरच्यांना कळवीन," या ओळीपाशी थांबली. "ह्या कित्याक?"

"तू परत पाण्यात जायला निघालीस तर मला गप्प राहता येणार नाही म्हणून. तेवढं सोडून बाकी सगळं इथेच राहील."

तिने विचार केला. "भावाक नको. संचिताक सांग. त्या आवाजाचा तिनाच माका सांगल्यान." मी 'घरच्यांना' खोडून संचिताचं नाव घातलं. रेकॉर्डिंगचा कागद तिने घडी करून कोराच परत दिला. मग फॉर्मवर सही केली, अक्षर सावकाश, वळणदार.

पहिला पूर्ण तास ती खिडकीबाहेर बाजार बघत बसली, मी तिच्यासमोर.

आता ती महिन्यातून दोनदा येते. सुभद्राची हाक तिला पुन्हा आली नाही. मध्यंतरी ती संचिताबरोबर ओहोटीला तिसऱ्या काढायला गेली, सुभद्रा गेल्यापासून पहिल्यांदाच. नंतर मला सांगत होती : संचिता वाकून काढत होती, ती मात्र गुडघ्याएवढ्या पाण्यात नुसती उभी राहिली, कान देऊन, पाणी चढायला लागेपर्यंत.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"पाणी," ती म्हणाली. "आणि तुका?"

तिला मी माझ्या जिन्यातल्या हाकेचं कधीच सांगितलं नव्हतं.