चार किलोची चिंगी आणि आईची छत्री

आमची चिंगी म्हातारी होऊन गेली.

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष?

एकदा आमच्या डोंबिवलीच्या गल्लीत येऊन बघा. कोपऱ्यावर भटक्या कुत्र्यांची टोळी. बी विंगमध्ये जर्मन शेफर्ड. समोरच्या बंगल्यात आणखी दोन धिप्पाड. आणि आमची ही बया, एवढुशी कुत्री, चार किलोची, तीही भरल्या पोटी.

या सगळ्यांमधून ती म्हातारपणापर्यंत पोचली ती फक्त माझ्या आईमुळे.

आईचे नियम कडक. पट्टा सुटणार तो फक्त गच्चीवर, दाराला कडी घालून. तिथे चिंगी वेड्यासारखी पळायची. मध्येच आई हाक मारायची, "चिंगे, ये!" आली की पोळीचा तुकडा, आणि परत सुट्टी.

"अगं, पळतेय तर पळू दे ना! सारखं काय बोलावतेस?" मी वैतागायचे.

"मजेत असताना आली, तरच घाबरल्यावर येईल."

खाली फिरायला नेताना आईच्या हातात छत्री. भर डिसेंबरातसुद्धा. अख्खी सोसायटी हसायची.

एकदा मी ठाण्याहून आलेले. आम्ही तिघी खाली फिरत होतो आणि तो शेफर्ड मोकळा सुटून थेट आमच्यावर. माझी हवा टाईट. चिंगीला उचलायला वाकले.

"उचलू नकोस! तुझ्या अंगावर उडी मारेल तो!"

आईने चिंगीला पायांमागे घेतलं आणि त्याच्या तोंडासमोर फाटकन छत्री उघडली. गडी जागच्या जागी थांबला.

मागून मालक धापा टाकत आला. "काकू, घाबरू नका हो. फ्रेंडली आहे तो, खेळायला येतोय."

"असेल ना. पण खेळता खेळता त्याचा एक पाय पडला तर हिची कंबर मोडेल. आधी पट्टा लावा."

त्या दिवसापासून आई म्हणजे खडूस काकू. तिला काडीचा फरक पडला नाही.

काल दुपारी चिंगी आईच्या मांडीवरच गेली. हार्ट वाढलंय हे डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. तरी रडू यायचं ते आलंच.

शहाडला मामाच्या अंगणात तिला पुरलं. माती लोटून झाली तरी आई जागची हलेना.

"दादा, वर दगड ठेव रे. मोठे ठेव. रात्री कुत्री येऊन उकरतात."

मामा बिचारा दगड आणत राहिला. आई प्रत्येक दगड हाताने दाबून बघत होती.

परत येताना आम्ही दोघी रिक्षात होतो. कल्याण आलं तेव्हा आई एकदम म्हणाली,

"अगं, तिकडे वर मोठी कुत्रीपण असतील ना? सगळी मोकळीच असणार. हिला कोण बघेल?"

मी एवढी बडबडी. तिचा हात धरून रडत बसले नुसती. रिक्षावाल्यानेही मागे वळून बघितलं नाही, भला माणूस.

चिंगे, जपून राहा गं बाळा.

आईला तिकडे यायला अजून खूप वेळ आहे.