पेमाची कुंभारणीची घरं

आमच्या शाळेच्या प्रदर्शनात २००४ साली पेमाने नारळाएवढी, भाजलेल्या मातीची घरं मांडली. चित्रकलेचा मास्तर म्हणून मी शहाणपणा पाजळला, "बाई, तोंड जरा मोठं ठेवा. तांब्या तरी बुडेल."

तिला माझी कीवच आली असावी. "गुर्जी, हे पाण्याचं न्हाई. घर हाय. कुंभारणीचं."

पंचवीस वर्षं मी मुलांना घर काढायला शिकवलं. खाली चौकोन, वर त्रिकोण. आणि समोरचं घर मला ओळखता आलं नाही!

कुंभारीण म्हणजे भिंतीला चिखलाचं इवलं गाडगं बांधून त्यात अंडं घालणारी माशी. पेमाची तिच्याशी गाठ पडली सत्त्याण्णव साली.

डोंगरकड्याजवळच्या तांड्यातली ही पेमा. ती, नवरा प्रेमदास आणि सासू धुरपताबाई दर दिवाळीनंतर घराला कुलूप लावून ऊसतोडीला जात. आदल्या वर्षी उसाच्या फडावरच्या खोपीतच पेमा बाळंत झाली. लेकरू नऊ दिवसांत गेलं. त्याला परमुलखात, कुणाच्या तरी बांधाला पुरून यावं लागलं. पुन्हा दिवस गेले तेव्हा तिने एकच ध्यास घेतला, हे लेकरू माझ्या घरात होईल.

एप्रिलात ट्रकमधून उतरतानाच कळा सुरू झाल्या होत्या. दारात येऊन पाहतात तो कुंभारणीने नेमकं कुलपावर घर बांधलेलं. किल्लीचं भोक त्याखाली बुजलेलं. प्रेमदासने दगड उचलला. धुरपताबाईने त्याचा हात धरला.

"पोटुशी बाई दारात हुबी हाय, अन् तू दुसरीचं घर मोडून राहिला?"

शेजारची भिकाबाई म्हणाली, "माह्या घरी चला." पेमा ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. "दुसऱ्याच्या घरात न्हाई. भिंत आपली हाय ना? मंग ती फोडा!"

मागची मातीची भिंत फोडली. पेमा वाकून आत गेली आणि तासाभरात शिला जन्मली. मी असतो तर कुलपावर दगडच घातला असता, हे कबूल करतो.

पुढे ती भिंत पेमानेच लिंपली, आणि मातीत तिचा हात बसला. दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा ती चढली नाही.

"नवरा-बायकोची जोडी म्हंजी एक कोयता, असंच मुकादम धरत्यात. एकट्याला कोण घेईल मला?" प्रेमदास म्हणाला.

"वसरामभावजी बी एकलेच हायेत, त्यांच्यासंगं जोडी लावा. लेकराला खोपी दाखवायची न्हाई मला."

प्रेमदास धुसफुसत गेला. भाकऱ्या थापायला धुरपताबाईही गेली. पेमा शिलाला पाठीशी बांधून हळद काढायला जाई. फावल्या वेळात कुंभारणीसारखी घरं वळी आणि हळद शिजवायच्या भट्टीत भाजून घेई. निम्मी तडकायची. हळदीच्या रानातल्या बाया हसायच्या. सगळा तांडा रिकामा, बोलायला कोणी नाही, तर बाईने करावं तरी काय?

एप्रिलात प्रेमदास परतला. खाऊचा पुडा घेऊन ओट्यावर टेकला आणि हात पसरले. रांगत्या शिलाने बापाला ओळखलंच नाही. भोकाड पसरून ती वळली, उंबरा ओलांडून थेट आत गेली. प्रेमदासचं तोंड एवढंसं झालं. पेमाला आधी हसू आलं, मग रडू कोसळलं.

"नवऱ्याचं लई वाईट वाटलं, गुर्जी," ती मला म्हणाली. "पण पोरगी भ्याली, तर कुटं पळायचं, हे तिला ठावं होतं."