गोट्यांखालची ओल

चीनमधल्या कान्सूच्या कोरड्या डोंगराळ मुलखात कौ यिनलानचं कलिंगडांचं रान होतं. वरून पाहिलं तर नुसते गोटे. लग्नानंतरचे कित्येक हिवाळे तिने आणि नवऱ्याने ते ओढ्याच्या पात्रातून कावडीने वाहिले आणि मातीवर वीतभर जाड पसरले. इथला पाऊस नावापुरता, आणि माती मैद्यासारखी. दोन उन्हं खाल्ली की सगळी ओल वर खेचून वाऱ्याला देऊन टाकते. गोट्यांमधून मात्र पाणी खाली उतरतं आणि तिथेच राहतं. नवरा गेला, तरी त्या रानावर यिनलानचं भागत होतं. दर वसंतात ती दाताळ्याने गोटे सैल करायची, पण खालच्या मातीला दात लागू द्यायची नाही. अलीकडे त्या कामाने तिचा खांदा धरायचा.

त्या वर्षी पितरांच्या सणाला ती लेकीला, छाइश्याला, घेऊन नवऱ्याच्या कबरीवर रिवाजाप्रमाणे कागद जाळायला गेली. परतल्यावर बांधावरच जावई, जूनपिंग, भेटला. ट्रॅक्टरवर बसलेला, धुळीने माखलेला, हसतमुख.

"आई, खांदा दुखतो म्हणत होता ना? घ्या! हातभर खोल नांगरून टाकलं."

जूनपिंग पिवळ्या नदीकाठचा. त्याच्याकडे कालव्याचं पाणी, जड काळी माती. जितकं खोल नांगरावं तितकं बरं. यिनलानने रानाकडे पाहिलं. गोटे मातीत गाडले गेले होते आणि माती वर आली होती.

"काय हो, आवडलं नाही?"

"छान केलंस," ती म्हणाली. "चल, जेवून घे."

तिने त्याला शेवया वाढल्या. चुलीपाशी छाइश्या कुजबुजली, "आई, सांगू त्याला?"

"काय सांगशील? गोटे वेचून परत वर मांड म्हणून? किती हौसेने केलंय बिचाऱ्याने."

दुसऱ्या दिवशी शेजारचे मान काका येऊन बांधावर उभे राहिले. "हा जावई आहे की टोळधाड?" म्हणाले, आणि तिचा चेहरा पाहून वरमले. "सगळं चाळून काढावं लागेल गं."

"माहीत आहे, काका."

"तुझ्याच्याने होणार नाही."

"तेही माहीत आहे."

तरी तिने चाळण घेतली. महिनाभर खपून खोलीएवढा तुकडा निघाला. उरलेल्या रानात तिने तसंच बी टोकलं. पाऊसही बरा झाला. वेल दोन पानांवर आले. मग ऊन पडलं आणि वर खपली धरली. काकांच्या न नांगरलेल्या, गोट्यांच्या रानात जाऊन तिने चार गोटे बाजूला केले. खाली गार, काळीशार ओल. तिने तिथे तळहात टेकवला आणि थोड्या वेळाने गोटे होते तसे ठेवले.

वेल माना टाकू लागल्याचं कळताच जूनपिंग ट्रॅक्टरवर पाण्याची पिंपं घेऊन आला. त्याने ओंजळी-ओंजळीने पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी माती पुन्हा भुरभुरीत.

"काका, पाणी जातं तरी कुठे?" त्याने बांधावर आलेल्या मान काकांना विचारलं.

यिनलानने डोळ्यांनी खुणावलं, पण काकांनी ते पाहिलं नाही. "कुठे म्हणजे? वर! गोट्यांत माती मिसळली, आता तीच पाणी वर ओढून उन्हाला देते. तूच नाही का नांगर घातलास?"

जूनपिंगने मातीत हात घालून एक गोटा वर काढला. मग म्हणाला, "आई, बोलला का नाहीत? शिव्या तरी घालायच्या."

"शिव्या घालून गोटे वर आले असते तर घातल्या असत्या रे."

कलिंगडं धरलीच नाहीत. तेव्हापासून आपल्या शेतातून सवड मिळाली की जूनपिंग येतो आणि चाळायला बसतो. छाइश्या फोनवर रडते, "त्याचे हात फुटलेत गं. तू सांग त्याला, पुरे म्हणून. तुझं ऐकेल तो."

सांगायचं ठरवून यिनलान रानात जाते. तो मान वर करत नाही. एका जन्मात हे उरकायचं नाही, हे त्यालाही कळलेलं असतं. ती समोर बसते आणि चाळणीची दुसरी कड धरते. वारा सुटतो, आणि चाळलेली माती उडून स्वच्छ गोट्यांवर जाऊन बसते.