दुपारचे धक्के

ऑफिसात तिला सगळे भूकंपबाई म्हणत आणि तिला ते आवडायचंही. भूकंपमापकाच्या आलेखावरची रेघ नुसत्या डोळ्यांनी वाचण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कृत्रिम बुद्धिमत्ता आली, तेव्हा यंत्राला शिकवायचं काम साहजिकच तिच्या गळ्यात पडलं. जुन्या नोंदी काढायच्या आणि हा भूकंप, हा खाणीतला सुरुंग, असं एकेक सांगत जायचं. दगडखाणीच्या बाजूला दुपारी काही हललं की ती न बघताच 'सुरुंग' लिहून मोकळी व्हायची. सुरुंग दुपारीच उडवतात, त्यात काय बघायचं? यंत्रही तेच शिकलं. खाण तशी माती.

धाकटी बहीण त्याच खाणीच्या गावात राहायची. एकदा फोनवर बोलता बोलता म्हणाली, "खाण बंद होऊन महिना झाला गं ताई. सुटलो बाई त्या धुळीतून."

यंत्र तर आठवडाभर तिथले सुरुंग दाखवत होतं. तिने रेघा उघडल्या. सगळे भूकंप होते, लहान, पण वाढत चाललेले.

ती तडक साहेबांकडे गेली.

"मोठा येईलच, असं लिहून देता?" साहेबांनी विचारलं.

कोण देणार लिहून? या शास्त्रात नेमकं तेवढंच जमत नाही.

"मग गावाला उगाच घाबरवू नका. यंत्र चुकलं हेही बोलू नका."

खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. चूक यंत्राची नव्हती, तिची होती, आणि ती आपसूक झाकली जात होती. बाहेर येऊन तिने बहिणीला फोन लावला. "चार दिवस आमच्याकडे या सगळे. काही नाही गं, आठवण आली."

बहीण सहकुटुंब आली. तिसऱ्या दुपारी गाव हादरलं आणि बहिणीचं घर बसलं. त्या घरात शेजारीण मेलेली सापडली. बहिणीने तिच्याकडे किल्ली ठेवली होती, कुंड्यांना पाणी घालायला ती आत गेली होती.

बहीण निघायची तयारी करत होती. थांबून म्हणाली, "ताई, म्हणून बोलावलंस ना आम्हाला? तुला माहीत होतं. एक शब्द बोलली असतीस तर तिलाही घेऊन आले असते. आता तिच्या पोरींना काय सांगू?"

"मी येते. मीच सांगते त्यांना."

बहिणीने बॅगेची चेन ओढली. "तू येऊ नकोस," ती म्हणाली.