पिवळी रेघ

गाडी घेताना शोरूममधल्या मुलाने एक्स्टेंडेड वॉरंटीचा विषय काढला आणि अप्पांचा चेहराच पडला, जणू कुणी त्यांच्या लेकीला नावं ठेवली.

"कशाला पायजे? कंपनीत तीस वर्षं गाड्याच जोडल्या मी. काय झालं तर मी हाय ना."

झालं, विषय संपला! पण पुनावळ्याहून रोज हायवेने जायचं मला होतं. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप वॉरंटी घेऊन टाकली. अप्पांना सांगायची माझी काय बिशाद!

चौथ्या वर्षी स्टिअरिंग वळवलं की खालून खट्ट वाजायला लागलं. म्हटलं, वॉरंटी आता कामाला येईल. सर्व्हिस सेंटरची सोमवारची वेळ घेतली आणि रविवारी काळेवाडीला आईअप्पांकडे मुक्कामाला गेले. जेवून जरा आडवी झाले, उठून खाली बघते तर काय, अप्पा आणि त्यांचा कंपनीतला जुना मित्र गाडीखाली!

"वाजतंय म्हणालीस ना? खोललं, बघितलं, आवळलं," अप्पा हात पुसत म्हणाले. मित्र म्हणाला, "राव, आवाज गेला बघा." दोघं असे खूश, की सोमवारच्या वेळेचं सांगायचं मी टाळलंच.

सोमवारी रहाटणीच्या चौकात खट्ट परत हजर.

सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी वर उचलली, बॅटरी मारली आणि विचारलं, "मॅडम, बाहेर कुठे खोलली होती?"

"छे हो," मी बिनधास्त खोटं बोलले. त्याने मला गाडीखाली बोलावलं. खोललेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ. "बोल्ट आवळला की कंपनीत अशी खूण करतात. आम्ही पिवळी वापरत नाही, मॅडम." क्लेम नामंजूर. मी मुकाट फोटो काढला आणि तणतणत काळेवाडी गाठली.

"वॉरंटी होती, अप्पा! घालवलीत तुम्ही. खोललंत ते खोललंत, वर खुणा कशाला करायच्या?"

"आवळलेल्या बोल्टला खूण नाही करायची? असं कसं चालंल?" ते खरोखरच चक्रावले होते. मग आवाज उतरला. "वॉरंटी कधी घेतलीस?"

"पहिल्याच आठवड्यात."

मला इतकी लाज वाटली, की बोलायचं म्हणून मी फोटोच पुढे केला. त्यांनी तो मोठा करून कितीतरी वेळ बघितला.

"रेघ सरळ पायजे. ही बघ, नागमोडी गेलीय. लाइनवर असली रेघ मी पास केली नसती."

मोबाइल खाली ठेवून त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला. तेव्हा कुठे मला दिसलं, तो थरथरत होता. आईला ठाऊक होतं. दर रविवारी येऊन गिळणाऱ्या मला तेवढं ठाऊक नव्हतं.

पार्ट मी माझ्या पैशाने बदलला. वर्षभराने वॉरंटी वाढवायचा फोन आला तेव्हा मी अप्पांसमोरच बसले होते. फोनवर हात ठेवून त्यांच्याकडे बघितलं.

"घे," ते म्हणाले. "आता माझ्या हातावर राहू नको."

मी घेतली, या वेळी उघडउघड. आणि कपाटातला त्यांचा पिवळा मार्कर काढून त्यांच्या हातात दिला. "चला खाली. चाकांचे बोल्ट वॉरंटीत येत नाहीत, ते तुम्हीच बघायचे."

"उगं काय तरी," म्हणत ते चपला घालायला लागलेसुद्धा.

पहिल्या चाकापाशी पाना मी धरला, जोर दोघांनी लावला. पहिली रेघ वाकडी गेली. अप्पांनी ती शर्टाच्या टोकाने पुसली, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि पुन्हा ओढली.

"पास?" मी विचारलं.

"गप बस," अप्पा म्हणाले. "अजून तीन चाकं हायत."