फाटक्या भात्याची साक्ष

दहावीची परीक्षा दिली त्या उन्हाळ्यात आम्हाला चर्चच्या शिबिराला धाडलं. टेंभुर्णीच्या अलीकडं एका शाळेत, सात दिवस. सुट्टी लागलेल्या वर्गांत सतरंज्या टाकून झोपायचं, सकाळी लिंबाखाली बायबल घेऊन एकेकटं बसायचं, दुपारी वचनं पाठ करायची, संध्याकाळी ढोलकीवर भजनं. मी जाम खूष होते. चर्चमध्ये लहानपणापासून माझ्याच बाकावर बसणारी मैत्रीण मात्र पहिल्या दिवसापासून तोंड पाडून. धड जेवायची न्हाई. लिंबाखाली वहीत काहीतरी लिहायची, अन् पानं फाडायची. मी तिला दोनदा झापलं, की घरची आठवण येत असंल तर जा बाई, माझं शिबिर नको नासवू.

रोज भजनं झाली की दोघंतिघं साक्ष द्यायचे. म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, आधी मी कसा होतो, मंग प्रभू कसा भेटला, आता काय बदललं. हसनाबादकडच्या एका पोरानं गुटख्याची अन् मारामाऱ्यांची साक्ष दिली तर अर्धा वर्ग रडला. मला धसकाच बसला. माझ्याकडं सांगण्यासारखं पापच नव्हतं! होता तो तोंडाळपणा, अन् त्याच्यावर कोण रडणार?

मंग मला भजनाची पेटी आठवली. गुड फ्रायडेच्या आठवडाभर आधी आमच्या चर्चच्या पेटीचा भाता फाटलेला सापडल्ता. कोणी फाडला, कळलंच न्हाई. पंचांनी झाडलोट करणाऱ्या मावशीवर ठपका ठेवला अन् कित्येक वर्षं तिच्या कमरेला असलेली चर्चची चाबी काढून घेतली. तेव्हापासून मावशी सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसायची. मी हिशेब लावला, की भाता मीच फाडला म्हणून सांगावं. मावशीला चाबी मिळंल, मला साक्ष मिळंल, नुकसान कोणाचंच न्हाई. काय ती अक्कल!

शेवटच्या दिवशी आम्हा दोघींचीच साक्ष उरल्ती. शिबिर घेणाऱ्या ताईंनी आधी मला उठवलं. मी असं काही सांगितलं की विचारू नका. लपून पेटी वाजवायला गेले, हातातून निसटली, भाता फाटला, गरीब मावशीचं नाव आलं तरी मी गप्प राहिले. शेवटी माझं मलाच खरं वाटायला लागलं अन् रडू फुटलं. ताईंनी मला पोटाशी धरलं. मंग मैत्रिणीचं नाव घेतलं. ती उठली, वहीची घडी केली, मला काही सांगायचं न्हाई म्हणाली अन् खाली बसली.

जेवणानंतर नळावर ताटं घासताना ती माझ्याकडं न बघता बोलली.

"पेटी माझ्या हातून पडल्ती. आज सांगणार होते."

आठवडाभर ती काय लिहून फाडत होती, ते तेव्हा कळलं. मी म्हणाले, अजून शेवटची प्रार्थना बाकी आहे, सांगून टाक.

"आता कसं सांगू? सगळ्यांसमोर तू खोटी पडशील."

घरी गेल्यावर मीच पाळकांना सांगते, असं मी तिला म्हणाले. खरंच सांगणार होते. पण आम्ही परत जालन्याला पोचायच्या आधीच माझी साक्ष पोचल्ती. रविवारी पाळकांनी उपदेशात माझं कौतुक केलं. माझी आई रडली. पंचांनी मावशीला चाबी परत दिली, अन् मावशीनं सगळ्यांदेखत माझ्या गालावरून हात फिरवला. तिच्या हाताला फिनाईलचा वास होता. माझं तोंड, जे कधी बंद राहत न्हाई, ते बंद राहिलं. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर अन् द्राक्षरस घ्यायचा. मनात काही पाप अडलेलं असलं तर घेऊ नये, असा आमच्यात रिवाज आहे. अन् जो घेत न्हाई, तो सगळ्यांना दिसतोच. द्राक्षरसाच्या छोट्या पेल्यांचं तबक आमच्या बाकावर आलं. आधी मैत्रिणीजवळ. तिनं हात लावला न्हाई, तबक तसंच माझ्याकडं सरकवलं. मागं दोन बायका कुजबुजल्या, हिनं काय केलं असंल म्हणून. ती खाली बघत बसली.

मी तबक हातात धरलं. मीही तसंच पुढं सरकवलं असतं, तर निदान ती एकटी पडली नसती. पण मावशी बघत होती, आई बघत होती.

मी पेला उचलला अन् प्याले.