जात्यावरच्या दोघी

दुपार अंगावर वितळतेय. पत्र्याखालच्या खोलीत पंखा गरगरतोय आणि शेवंताक्का फरशीवर, हाताची उशी करून आडवी झालीय. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं तिनं स्वतःला बजावलंय. समोर फळीवर साचा आहे, दोरीनं करकचून बांधलेला. आत रेझिन आहे, हार्डनर घालून ओतलेलं. ते घट्ट धरेपर्यंत साच्याला हात लावायचा नाही, दोरी सैल करायची नाही, वाकून बघायचं नाही. भट्टीतल्या भांड्यासारखंच ते. उतावळेपणा केला की माती.

तरी ती पापणीच्या फटीतून साच्याकडे बघतेच. बघता बघता पापणी जड होते.

दिवाळीला पोरं अंगणात मातीचे किल्ले करतात, त्यावर मांडायची बोटभर उंचीची चित्रं या घरातून बाजारात जातात. मावळे, गवळणी, पाणी भरणारी बाई, हुक्का ओढणारा म्हातारा. आधी ती प्लास्टरची असत, मग रेझिनची झाली. शेवंताक्काची धाकटी बहीण मंजुळा मूळ चित्र घडवायची. अक्का त्याचा रबरी साचा काढायची, साच्यात रेझिन ओतायची, आणि बाहेर निघालेल्या चित्राची खोड काढून टाकायची. रेझिन ओताना हवा अडकते. जिथं बुडबुडा, तिथं भोक. साच्याचे दोन अर्धे भाग जुळतात तिथं अंगावर शिवण उमटते. भोकात पुट्टी भरायची, शिवण पॉलिश पेपरनं घासायची. पंचवीस वर्षं अक्काच्या बोटांनी दुसरं काही केलं नाही. तिला कुठंही भोक दिसलं की बोट आपोआप पुट्टीच्या डबीकडे जातं.

गेल्या साली, किल्ल्यांच्या ऐन दिवसांत, मंजुळा तापानं गेली. आठवडा पुरला.

तिचा फोटो आहे, पण त्यातली मंजुळा फोटोवाल्याला भ्यालेली आहे. अक्काला हवी आहे ती गाणारी मंजुळा, आणि ती आठवेनाशी झालीय. आठवायला गेलं की चेहरा हलतो, पाण्यात हात घातल्यासारखा. तो चेहरा जगात एकाच ठिकाणी होता. मंजुळानं एकदा आरशात बघून एक जोडी घडवली होती. जात्यावर दळणाऱ्या दोघी. अल्याड मंजुळा, ओवी म्हणताना तोंड उघडलेली. पल्याड अक्का, ओठ मिटून ऐकणारी. "मला मुकी का केलीस गं?" अक्कानं विचारलं होतं. "तू ऐकतीस तेव्हाच जरा बरी दिसतीस," मंजुळा म्हणाली होती.

मूळ चित्र मेणाचं. साचा काढताना ते मोडलं. साच्यातून निघालेली चांगली चित्रं सगळी बाजारात गेली, पोरांच्या किल्ल्यांवर बसली, पाण्यापावसात गेली. कारागिराच्या घरात चांगलं कधी राहत नाही. राहतं ते खोडीचं. घरात अशा दोन-चार जोड्या उरल्या, पण त्यांतल्या मंजुळाच्या चेहऱ्यांवर बुडबुड्यांची भोकं होती आणि अक्कानं ती कधीच बुजवून गुळगुळीत केली होती. ते चेहरे मंजुळाचे नाहीत. ते अक्काच्या पुट्टीचे आहेत.

म्हणून आज तिनं तो म्हातारा साचा खाली काढला. विकायला नव्हे. एक जोडी घरात ठेवायला. साच्यात मंजुळाच्या तोंडाच्या जागी रबराचा एक दाणा उभा आहे, गुलाबी, मोहरीएवढा. रेझिन त्याच्याभोवती वाहतं, म्हणून चित्राचं तोंड उघडं येतं. सकाळी अक्कानं भिंग लावून बघितलं तर दाणा एका धाग्यावर लटकत होता. एक ओत निभावेल, असं ती त्या दाण्याला म्हणाली. माणसाला सांगावं तसं. आणि श्वास धरून ओतलं.

पंखा गरगरतो. गरगर जड होते, खाली येते, दगडाची होते.

जातं फिरतंय.

"काय गं अक्का, भर दुपारची लोळतीयास व्हय?"

"लोळत न्हाई. रेझिन धरायची वाट बघतीय."

"मग उठून बघ की वाट. धर खुंटा."

मंजुळा पल्याड बसलीय, पदर खोचून. अक्काला नवल वाटत नाही. तिला एवढंच वाटतं की ही किती उशिरा आली, आणि आता हिला चहा टाकायला हवा. ती खुंटा धरते. लाकूड ऊन आहे, आत्ताच कुणी सोडल्यासारखं.

दोघी ओढतात. अक्का मुठीनं जात्याच्या तोंडात वैरण घालते. मूठ उघडून बघते तर जोंधळे नाहीत, मोडके हात आहेत, तलवारींची टोकं, घागरींचे काठ. जात्याच्या पाळीवर पांढरं पीठ सांडतं. पॉलिश पेपरखाली सांडतं ना, तसलं.

"ह्याची भाकरी न्हाई व्हायची," अक्का म्हणते.

"भाकरीला न्हाईच ते. तू घासलेले चेहरे हायत."

मंजुळा हे सहज म्हणते, मीठ कमी पडलंय म्हणावं तसं. आणि लगेच गाते. अक्काचा ऊर भरून येतो. तेच, अगदी तेच तोंड, गोल उघडलेलं, एका बाजूला किंचित कललेलं.

*अक्का माझी गं बसली जात्याच्या पल्याड*

आणि अक्का तोडते, कारण रीत तीच. मंजुळानं टाकायची, अक्कानं तोडायची. पहिली ओळ अक्काला कधी सुचली नाही. दुसरी कधी चुकली नाही.

*खुंट्याला दोन हात, मधी पिठाचा पहाड*

पिठाचा पहाड ओला होतो. त्याला गेरूचा वास येतो. दोघी त्याच्या चढणीवर आहेत, पायऱ्या बोटांनी दाबून केलेल्या, आणि दोन्ही बाजूंना पोरं किल्ल्यावर पेरतात तो अळीव उगवलाय, कमरेला लागतोय. वर कुणाच्या तरी अंगणातली पणती पेटलीय, सूर्याएवढी. वाटेत एक मावळा उभा आहे, माणसाएवढा. त्याच्या कपाळापासून बेंबीपर्यंत शिवण.

"ह्याला घासायचा ऱ्हायलाच की," मंजुळा म्हणते. "सालभर असाच पहारा देतोय, मेला. लाज वाटती म्हणून कुणाकडं बघत न्हाई."

अक्काला हसू येतं. सालभरात पहिल्यांदा येतं, आणि हसता हसता तिचं लक्ष मंजुळाच्या गालावर जातं.

गालावर भोक आहे. सुईच्या टोकाएवढं. त्याच्याशेजारी आणखी एक. कानापासून मानेवरून खाली शिवण उतरलीय, पदरात शिरलीय. डाव्या हाताची दोन बोटं भरलेलीच नाहीत, अर्ध्यात संपलीत.

"मंजे, तुला असं कुणी ओतलं गं?"

"घाईत ओतलं. हार्डनर कमी पडला." ती हात पुढं करते. "हात लावून बघ. अजून चिकटतीय."

अक्का मनगट धरते. खरंच, बोटं चिकटतात. सालभर झालं तरी ही धरलीच नाही, कच्चीच आहे. अक्काला रडू कोसळतं, पण हात थांबत नाहीत. पदराला पॉलिश पेपर आहे, मुठीत पुट्टीची डबी आहे, कुठून आली ते विचारायला वेळ नाही. कारण अक्काला आता एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, स्वप्नात ठाऊक असते तशी. ही सगळी भोकं बुजली, शिवण गेली, की मंजुळा पुरी होईल. पुरं झालेलं चित्र आपण घरी नेतो.

"हलू नकोस."

"गुदगुल्या होतात गं!"

"ल्हानपणी वेणी घालताना पण अशीच. गप ऱ्हा जरा."

ती गालाची भोकं भरते. ओल्या बोटानं सपाट करते. शिवण घासते, फुंकर मारते, परत घासते. बोटं पुट्टीनं लांबवते, नखंसुद्धा कोरते. अळीव डोक्यापर्यंत येतो. पणतीची वात कुठंतरी तडतडते.

"अक्का, पुरे."

"थोडंच ऱ्हायलंय."

"तेल सरत आलंय बघ वर. एक ओवी टाकते, नवी हाय. तोड."

"टाक टाक. माझं चाललंय हिकडं."

मंजुळा गाते,

*सोन्याच्या गं सूर्या, नको मावळू इतक्यात*

आणि थांबते. तोंड उघडं, गोल, किंचित कललेलं. दुसऱ्या ओळीची वाट बघत.

अक्काला ओळ सुचलेली असते. जिभेवर आलेली असते. पण समोर भोक दिसतं. सगळा चेहरा गुळगुळीत झालाय आणि मधोमध एवढं एकच भोक उरलंय, काळं, गोल. पंचवीस वर्षांचं बोट विचारून थोडंच पुढं जातं. ते पुट्टी उचलतं, भोकात भरतं, दाबतं, कडेनं ओढून सपाट करतं.

"झालं!" अक्का म्हणते. "एक खोड ठेवली न्हाई. चल घरी."

मंजुळा काही म्हणत नाही.

"चल की गं."

मग अक्काला दिसतं आपण काय बुजवलं ते.

ती नखानं खरवडते. पुट्टी धरलीय. दगड झालीय. ती दातांनी ओरबाडायला जाते, मंजुळा मान मागं घेते, हळूच, लहान पोर औषध नको म्हणतं तशी. डोळे मात्र तिचेच आहेत. त्यांत राग नाही, रागावली असती तर बरं झालं असतं. मंजुळा अक्काची मूठ उघडते. तळव्यावर काहीतरी ठेवते, बारीक, मोहरीच्या दाण्याएवढं. पेरायला देतात तसं. आणि एकेक बोट मिटवून मूठ परत बंद करते. तिचा हात आता चिकटत नाही. गार आहे, कडक आहे, पुरा धरलेला.

पणती विझते.

पंखा थांबलाय. वीज गेलीय. पत्रा कडकडतोय आणि अक्का घामानं न्हालीय. ऊन दारातून आत येऊन फळीपर्यंत पोचलंय. म्हणजे रेझिन धरलं असणार.

ती उठून बसते. उजवी मूठ मिटलेली आहे, इतकी घट्ट की बोटं दुखतात. डाव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागतं.

तळव्यावर दाणा आहे. गुलाबी. रबराचा. एका बाजूला तुटलेल्या धाग्याचं टोक.

अक्का साच्याकडे बघते. दोरी जशीच्या तशी आहे, गाठीवर गाठ, सकाळी तिनंच मारलेली. ती गाठ सोडते. रबर सोलून निघतं ते तुकड्या-तुकड्यांनी. साचा संपला. आतून दोघी बाहेर येतात.

अशी सफाईची ओत अक्कानं आजवर काढलेली नाही. एक बुडबुडा नाही. शिवणसुद्धा नखाला लागेल न लागेल अशी. पल्याडची अक्का पुरी उतरलीय, ओठ मिटून ऐकणारी. अल्याडची मंजुळाही पुरी उतरलीय. नाक तिचं, कपाळ तिचं, किंचित कललेली मान तिची. आणि तोंडाच्या जागी गुळगुळीत.

सुईनं भोक पाडता येईल. अक्काच्या हाताला ते अवघड नाही. सुई हातात घेऊन ती बराच वेळ बसते. पण ते भोकच होईल, तोंड नव्हे, हे तिच्याइतकं कुणाला कळणार. ती सुई ठेवून देते.

*नको मावळू इतक्यात*, ती पुटपुटते. पुढची ओळ स्वप्नात जिभेवर होती. ती शोधते. कधीही न चुकलेली दुसरी ओळ, ती कुठंच नाही.

दाणा ती परत मुठीत धरते. फळीवर, उन्हात, जात्याच्या दोन्ही बाजूंना दोघी बसल्या आहेत. दोघींचे ओठ मिटलेले. दोघीही ऐकताहेत, दुसरी कधी सुरू करतेय ते.